आत्याचा वाटा



‘मुलांवर संस्कार कसे करावेत’ या विषयावर बोला, असं मला सुचवण्यात आलं तेव्हा मी जरा बिचकलेच. तशी मला बोलायची सवय आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी तीस वर्षं शिकवलं. पालकसभेत या विषयावर किती वेळा बोलले असेन, त्याची गणती नाही. रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहिला. पण एकदा माझ्याच मुलीनं मला जेवणाच्या ताटावर एक प्रश्न विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज उपदेश करण्यापेक्षा तो प्रसंगच सांगते.

गोष्ट 2007 सालची. उल्हास नदीच्या बाजूला आमच्या सासरची थोडी भातशेती होती. त्या वर्षांत आमच्या भागात जमिनीला एकदम भाव आला. मुंबईचे लोक फार्महाऊससाठी गुंठ्यागुंठ्यानं जमीन घेत होते. आमच्याकडेही गिऱ्हाईक आलं. यजमान मुंबईला नोकरीला. पहाटेची लोकल पकडायची आणि रात्री नऊ-साडेनऊला घरी यायचं. शेती बघणार कोण? विकायचं ठरलं. सासरे आधीच गेले होते. सातबाऱ्यावर सासूबाई, यजमान आणि त्यांची थोरली बहीण अशी नावं लागलेली. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, की ताई हक्कसोडपत्रावर सही करतील. ताईंनी केलीही. मी त्यांना साडी-चोळी केली, ओटी भरली. आमच्याकडे अशीच रीत आहे.

त्याच महिन्यात, 3 जानेवारीला, माझ्या मुलीनं शाळेत सावित्रीबाई फुले जयंतीचं भाषण केलं होतं. आठवीत होती. भाषण अर्थातच मी लिहून दिलेलं! मुलगा-मुलगी समान, मुलीलाही सारखा हक्क, असं सगळं त्यात होतं. पहिला नंबर आला. आठ-दहा दिवसांनी रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. जमिनीचाच विषय चालला होता. तिनं मान वर करून विचारलं, “आई, मोठी झाल्यावर मलाही दादूसाठी अशीच सही करावी लागेल का?”

दादू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो समोर वरणभात खात होता. यजमान म्हणाले, “जेव आता.” सासूबाई म्हणाल्या, “लहान तोंडी मोठा घास नको.” मी काहीच बोलले नाही. तिनं उलट उत्तर दिलं नव्हतं की आगाऊपणा केला नव्हता. मी लिहून दिलेलं भाषण तिनं खरं मानलं होतं, एवढंच.

श्रोतेहो, कायदा मला ठाऊक नव्हता असं नाही. 1994 साली महाराष्ट्रानं हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीनं हक्क दिला होता. आधीच लग्न झालेल्या मुलींना मात्र तो लागू नव्हता. 2005 साली केंद्राच्या दुरुस्तीनं तोही भेद काढून टाकला. वर्तमानपत्रातली ती बातमी मी शाळेत वाचूनही दाखवली होती. पण कायदा शाळेत आणि रीत घरात, अशी आपण वाटणी केलेली असते. मुलांना ती वाटणी कळत नाही. त्यांना आई एकच असते.

या प्रसंगानंतर मला विनोबांच्या लहानपणाची एक आठवण वारंवार आठवत राहिली. विनोबा आपल्या शेजारचेच. खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याला 1895 साली त्यांचा जन्म झाला. घराच्या अंगणात फणस होता. फणस धरला की छोटा विन्या आईच्या मागे लागायचा, कधी खायचा म्हणून. पिकला की आई, रुक्मिणीबाई, तो कापायची, पानांच्या द्रोणांत गरे भरायची आणि ते घरोघर द्यायला विन्यालाच धाडायची. सगळीकडे देऊन झालं, की मग त्याला जवळ बसवून गरे खायला द्यायची. देण्याचं महत्त्व तिनं सांगितलं, पण द्रोण त्याच्या हातात देऊन सांगितलं. पुढे 1951 साली तेलंगणातल्या पोचमपल्लीला याच मुलानं जमिनीचं दान मागायला सुरुवात केली आणि देशभर पायी हिंडला. फणसाच्या गऱ्यांमुळे भूदान झालं, असं मी म्हणणार नाही. पण ‘आधी द्यायचं, मग खायचं’ हे त्याच्या हातापायांना लहानपणीच ठाऊक झालं होतं, एवढं नक्की.

मला त्याहून आवडते ती दुसरी आठवण. त्यांच्या घरी एक गरीब विद्यार्थी जेवायला असे. त्याला आई ताजं, गरम वाढायची आणि उरलेलं शिळं स्वतः तरी खायची किंवा विन्याला तरी द्यायची. एक दिवस विन्यानं आईला पकडलं. तू आम्हाला सांगतेस सगळ्यांना सारखं वागवावं आणि स्वतः मात्र भेद करतेस! आई रागावली नाही. भेद करते खरी, असं तिनं कबूल केलं. तुझ्यावर माझी आसक्ती आहे, तू मला अजून माझा मुलगा वाटतोस आणि तो मात्र देवासारखा वाटतो. तुझ्याकडेही तसं बघता आलं की हा भेद उरणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणाली.

या ठिकाणी मी थांबते. कारण मुलगा बोट दाखवतोय आणि आई म्हणतेय, बरोबर आहे तुझं. आपल्यापैकी किती जणांना हे जमतं? माझ्या मुलीनं बोट दाखवलं तेव्हा आमच्या घरात तिघांपैकी एकालाही जमलं नाही.

आमच्या कर्जतचं दुसरं मोठं नाव म्हणजे भाई कोतवाल. 1912 साली माथेरानला एका सामान्य नाभिक कुटुंबात जन्मले आणि वकील झाले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. आम्ही दर वर्षी मुलांना त्यांची गोष्ट सांगतो आणि ती बहुतेक विजेचे मनोरे पाडण्याची असते. मुलांना ती आवडते. पण त्याआधीचे कोतवाल आम्ही फारसे सांगत नाही. शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठी काढली, शेतकऱ्यांच्या आणि आदिवासींच्या पोरांसाठी शाळा काढल्या. आणि हिराजींचे वडील, मानिवलीचे गोमाजी पाटील, हेही त्याच आझाद दस्त्यात होते. बाप आणि मुलगा एकाच कामात! त्या घरात संस्कारांवर वेगळं भाषण झालं असेल असं मला वाटत नाही. बाप काय करतो ते मुलाला दिसत होतं.

तुम्ही म्हणाल, बाई, ही मोठ्या माणसांची उदाहरणं झाली. मग लहान माणसाचं सांगते. माझ्या एका शाळेत कातकरी वाडीवरची मुलं होती. दिवाळी झाली की वाडी रिकामी व्हायची. आईबाप वीटभट्टीवर जायचे, मुलंही बरोबर जायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायची. तोवर शाळा बुडालेली. एका आईनं मात्र एका वर्षी मुलीला म्हातारीपाशी ठेवलं आणि स्वतः गेली. मुलीला सोडून जाताना ती रडत होती. मी म्हटलं, “चांगलं केलंस.” ती म्हणाली, “चांगलं का वाईट ते मला नाय ठावं. पर तिनं भट्टीवर यायचं नाय, येवढं ठरवलंय.”

‘ठरवलंय’ हा तिचा शब्द माझ्या लक्षात राहिला. आपण शिकलेली माणसं मुलांसाठी पुष्कळ काही करतो. क्लास लावतो, मोबाईल घेऊन देतो. पण ठरवतो किती? 19 जुलै 2023 च्या रात्री खालापुरातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह सापडले आणि सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली. वाडीतली काही मुलं त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. डोंगरावरच्या आईबापांनी पोटच्या पोरांना लांब ठेवून शिकवायचं ठरवलं होतं. ते आईबाप गेले, त्यांचं ठरवणं मागे राहिलं. यापुढे मला काही बोलवत नाही.

आता आमच्या घराकडे येते. मुलीच्या प्रश्नानंतर दोन रविवार तसेच गेले. यजमानांना मुलं जागेपणी भेटायची ती रविवारीच. तिसऱ्या रविवारी तेच म्हणाले, “ताईच्या वाट्याचं काय करायचं ते आज बोलू. मुलांनाही बसू दे.” सासूबाई नाराज झाल्या. भावकीतले एक काका तर म्हणाले, “तुम्ही रीत बिघडवताय, उद्या आमच्याही बहिणी मागतील.” सगळ्यांत जास्त विरोध केला तो खुद्द ताईंनी! म्हणाल्या, “मला पैसे नकोत, माहेर हवंय.” हे ऐकून मला रडू आलं. बायका सही का करतात, ते त्या एका वाक्यात होतं. त्यांना वाटत होतं, वाटा घेतला तर माहेर तुटेल. यजमानांनी त्यांना सांगितलं, “दोन्ही तुझंच आहे.”

सगळं एकदम देता आलं नाही, कारण बरेच पैसे घराच्या बांधकामात गेले होते. काही लगेच दिले, बाकीचे तीन वर्षांत. दर वेळी मुलांना बँकेत बरोबर नेलं. वरच्या मजल्याचं काम थांबलं. मुलगा कुरकुरला, त्याला तिथे स्वतंत्र खोली मिळणार होती. त्यालाही समजावलं नाही, फक्त हिशेब दाखवला.

यातून मी तीन गोष्टी शिकले, त्या तुमच्यापुढे ठेवते. पटल्या तर घ्या.

पहिली, घराचे नियम दोन किंवा तीनच असावेत, पण ते मोठ्यांनाही लागू असावेत. आम्ही कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तीन लिहिले: खोटं बोललो तर कबूल करायचं, दुसऱ्याच्या वाट्याचं ठेवून घ्यायचं नाही आणि रविवारी दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं. तिसरा सगळ्यांत जास्त वेळा मोडला, आणि तो मोडला आम्ही मोठ्यांनीच.

दुसरी गोष्ट, पैशाचे निर्णय मुलांपासून लपवू नका. आपण सुविचार मुलांसमोर बोलतो आणि व्यवहार दार लावून करतो. मुलं दाराला कान लावून शिकतात.

आणि तिसरी, मुलानं चूक दाखवली तर ‘आगाऊ’ म्हणण्याआधी दोन मिनिटं थांबा. विनोबांची आई थांबली. मला दोन आठवडे लागले. पण उशिरा दिलेलं उत्तरही मुलं घेतात.

मुलं अगदी आपल्या साच्यातली होतील, ही अपेक्षा मात्र ठेवू नका. विनोबाही 1916 साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला म्हणून निघाले, वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. माझा मुलगा आजही लवकर चिडतो, मुलगी आठ-आठ दिवस फोन करत नाही. पण गेल्या दिवाळीत दोघं ताईंकडे न सांगता एकत्र गेली आणि भाऊबीज तिथेच झाली. ताई आता थकल्या आहेत. त्यांनी मला फोन करून एवढंच सांगितलं, “माहेर आलं होतं गं.”

वरचा मजला अजून झालेला नाही. गच्चीवर आम्ही पापड वाळत घालतो.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)