पुडीतल्या जंतूचे वाण विचारा
(दर्यापूर येथील बैठकीतले भाषण)



आज कपाशीच्या भावावर आम्ही बोलणार नाही. म्हशीच्या गव्हाणीत पडणाऱ्या एका पुडीवर बोलायचे आहे. सरकी ढेपेत, चुनीत कालवा, पचन सुधारेल, दूध वाढेल, असे सांगून ती विकतात. तिच्यात औषध नसते, जिवंत जंतू असतात. त्याला प्रोबायोटिक म्हणतात. 'घरच्या दह्यात असतात तसेच,' असे विकणारा सांगतो आणि आपण मान डोलावतो.

आमचा या पुडीला विरोध नाही. जनावर लवकर वाढावे म्हणून खाद्यात प्रतिजैविके घालण्याची रीत होती. युरोपात ती २००६ पासून बंद झाली. आपल्याकडे २०१९ साली कोलिस्टिन हे औषध जनावरांच्या खाद्यातून काढावे लागले. कारण, रोगाचे जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग त्या जागी हे चांगले जंतू आले. पण तेच औषधाला न जुमानणारे निघाले तर?

तसे घडलेले आहे. बॅसिलस टोयोनेन्सिस नावाच्या जंतूचे एक वाण युरोपात परवानगी घेऊन खाद्यात घालत होते. त्यात टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या औषधांना न जुमानणारी जनुके सापडली आणि २०१३ साली परवानगी स्थगित झाली. टेट्रासायक्लिनच्याच गटातले इंजेक्शन आपल्या गुरांना टोचतात.

इथे एक भेद समजून घ्या. काही जंतूंचा हा गुण उपजत असतो. दह्याच्या जातकुळीतल्या लॅक्टोबॅसिलसच्या बऱ्याच जाती व्हँकोमायसिनला उपजतच दाद देत नाहीत. तो गुण सहसा दुसऱ्याकडे जात नाही. उसना आलेला गुण मात्र पुढेही उसना दिला जातो. आतड्यात, शेणात, शेणखतातून वावरात. उद्या म्हशीला दगडी झाली आणि इंजेक्शन लागू पडले नाही, तर एक कास गेली म्हणजे घरचे दूध गेले.

म्हणून नुसते जंतूचे नाव पुरत नाही. तूर घेताना आपण मारोती की आशा, हे विचारतोच ना? एक वाण वांझ रोगाला टिकते, दुसरे बळी पडते. जंतूचेही तसेच. तपासणारे वाणाचा क्रमांक मागतात, त्याची सगळी जनुके वाचतात, कोणत्या औषधाने तो मरतो ते पाहतात. बॅसिलस असेल तर तो विष तयार करतो का, हेही पाहतात. आणि भुकटी कालवणाऱ्याच्या नाकात जाते, तिने दम्याचा त्रास होऊ शकतो. मायबहिणींनो, कालवताना तोंडाला पदर, दुपट्टा बांधा. हे काम तुमच्याच वाट्याला येते.

मे महिन्यात पत्र्याखाली तापलेल्या पुडीत लॅक्टोबॅसिलस किती जिवंत राहतो, हा तर वेगळाच हिशेब. मेलेल्या जंतूचे पैसे आपण का द्यावे?

पुढच्या बैठकीला घरातल्या रिकाम्या पुड्या घेऊन या. ज्यांच्यावर वाणाचा क्रमांक नाही त्या वेगळ्या काढू, आणि अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेतल्या तज्ज्ञांपुढे ठेवू.