जोर कधी लावायचा

रणगाडा संग्रहालयाच्या आमच्या नगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, मी पन्नाशीनंतर फोर-व्हील जीप घेतली. पावसाळ्यात शेवगावकडच्या वस्तीवरून आजारी अम्मीला दवाखान्यात नेताना गाडी काळ्या मातीत रुतली. घाबरून ॲक्सिलरेटर दाबला. चाकं आणखी खोल गेली.

ट्रॅक्टरवरचा पोरगा म्हणाला, "चाचा, फोर-व्हील चिखलाच्या आधीच टाकायचं." त्यानं चाकांपुढची माती उकरून पऱ्हाट्या घातल्या. मग फोर-व्हील, लो गियर, हलका पाय, गाडी निघाली. त्यानं बजावलं, "डांबरीवर आलं की काढा." कोरड्या रस्त्यावर वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, दोन्ही आस जखडलेले असले, तर गियरवर ताण येतो.

अम्मी बरी होऊन घरी आली. जोर लावायचा कधी आणि सोडायचा कधी, हे मला त्या पोरानं शिकवलं.