सहा ठिपक्यांच्या भुंगेऱ्याचे कूळ

मृगाच्या सरी पडून गेल्या की हैदराबादच्या बरकतपुऱ्यासारख्या दाट वस्तीतही, जेथे अंगणाचा ओलसर कोपरा शिल्लक असेल तेथे, दगड उचलताच एखादा काळा, लांब पायांचा भुंगेरा पळताना दिसावयाचा. पाहणाऱ्याच्या तोंडी शब्द येतो 'किडा', आणि पाठोपाठ चप्पल हाती येते. हा निवाडा फार घाईचा होय.

पहिल्या पावसानंतर कडुनिंबावर, बाभळीवर जमणारा हुमणीचा भुंगेराही लोकांच्या लेखी किडाच. त्याच्या अळ्या भुईमुगाची आणि उसाची मुळे कुरतडतात. भूभुंगेरे मात्र बहुतेक शिकारी. पिकावरील अळ्या हे त्यांचे भक्ष्य. चोराबरोबर राखणदारालाही मारावे, असाच हा प्रकार.

प्राणिसृष्टी, संधिपाद संघ, कीटक वर्ग, ढालपंखी गण, येथपर्यंत दोघांची वाट एकच. पुढचे पंख कठीण होऊन त्यांची ढाल झालेली, ही या गणाची खूण. फाटा फुटतो तो उपगणाशी. भूभुंगेरा उताणा केला तर मागच्या पायांचे खुबे पोटाच्या पहिल्या वळ्याला मधोमध दुभागताना दिसतात. हुमणीच्या भुंगेऱ्यात ते वळे असे तुटत नाही. मिशा पाहणे त्याहून सोपे: एकाच्या दोऱ्यासारख्या, दुसऱ्याच्या टोकाशी पंख्यासारख्या उघडणाऱ्या.

लिनियसने १७५८ मध्ये 'कॅराबस' हा वंश स्थापिला. त्याचा शिष्य फॅब्रिसियस याने १७७५ मध्ये पाठीवर सहा पांढरे ठिपके असलेल्या भारतीय जातीला त्याच वंशात घातले. पुढे तिला 'अँथिया' हे निराळे घर मिळाले. ठिपके सांगणारे नाव तेवढे कायम राहिले. भारतातील या कुळाचा पद्धतशीर ग्रंथ अँड्र्यूज यांनी लिहिला. त्याचे खंड १९२९ व १९३५ मध्ये निघाले.

आज जगात या कुळाच्या सुमारे चाळीस हजार जाती ज्ञात आहेत, तरी कुंपण पक्के झालेले नाही. व्याघ्रभुंगेरे याच कुळातील की त्यांचे कूळ स्वतंत्र, हा वाद जुना. बराच काळ त्यांना येथेच बसविले जाई; अलीकडे, २०२० मध्ये, आनुवंशिक पुराव्याच्या आधारे त्यांना पुन्हा वेगळे काढण्यात आले. सर्वांनाच ते पटलेले आहे असे नाही.

सहा ठिपक्यांच्या भुंगेऱ्याला उडता येत नाही. म्हणून तो पकडावयास सोपा वाटतो. पण त्याला उताणा करणाऱ्याने चेहरा दूर ठेवावा. संकटात तो मुंगीच्या अंगी असणाऱ्या फॉर्मिक आम्लाची पिचकारी मारतो, आणि ती डोळ्यांत गेली तर भारी पडते.