जुन्या पडद्यावर जुने खेळ



घरात नवा चपटा टी.व्ही. आला, की जुना पोटफुगा संच आधी माळ्यावर जातो आणि तिथून केव्हातरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर. वजनाने विकला जाणारा हा संच एका कामात मात्र आजच्या महागड्या पडद्यालाही हार जात नाही. ते काम कोणते, आणि ते करून घ्यायचे तर कोणत्या कळा कशा लावायच्या, हे आज सांगणार आहे. विषय खेळाचा आहे, पण त्यात शाळेत शिकवण्याजोगे पुष्कळ आहे. म्हणून शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी तो केवळ पोरखेळ म्हणून सोडून देऊ नये.

जपानात आणि अमेरिकेत १९७० नंतरच्या काळात नाणे टाकून खेळायच्या यंत्रांची मोठी लाट आली. उभे लाकडी कपाट, त्यात एक पडदा, एक दांडी आणि दोनचार बटणे. १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’, १९८० चा ‘पॅक-मॅन’, १९९१ चा ‘स्ट्रीट फायटर टू’ ही त्यांतली गाजलेली नावे. आता ती यंत्रे झिजली, त्यांतल्या पाट्या बिघडल्या. पण खेळ मरू नयेत म्हणून निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थाने १९९७ साली ‘मेम’ नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. तिला इम्युलेटर म्हणतात. आपल्याकडचा बहुरूपी आठवा. आज तो पोलीस होतो, उद्या वैदू होतो, आणि बोलणे-चालणे असे हुबेहूब करतो की गावाने फसावे. तसा हा संगणकातला बहुरूपी. आज तो एका यंत्राचे सोंग घेतो, उद्या दुसऱ्याचे. पण बहुरूप्यालाही अंगण जसे हवे तसे मिळावे लागते. या बहुरूप्याचे अंगण म्हणजे पडदा. आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

तो घोटाळा समजायला जुन्या संचाच्या पोटात काय चालते ते पाहिले पाहिजे. काचेच्या निर्वात नळीत मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांची बारीक शलाका सुटते आणि पुढच्या काचेला आतून लावलेल्या लेपावर आदळते. जिथे आदळते तिथे उजेड पडतो. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली केलेल्या नळीचेच हे वाढवलेले रूप. आता शेतकरी पाभर कशी चालवतो ते डोळ्यांपुढे आणा. शलाका डावीकडून उजवीकडे एक काकरी ओढते, बांधाला पोचताच पाभर उचलून झटकन पुन्हा डाव्या बांधाला येते आणि खालची काकरी धरते. भारतात जी ‘पाल’ पद्धत आली, तिच्यात अशा ६२५ काकऱ्यांचे एक चित्र होते आणि सेकंदाला २५ चित्रे होतात. फळ्यावर गुणाकार मांडा: ६२५ गुणिले २५, म्हणजे १५,६२५. एका सेकंदात १५,६२५ काकऱ्या, बरं का!

यात आणखी एक युक्ती आहे. सेकंदाला २५ चित्रे दाखवली तर पडदा लुकलुकतो. म्हणून शलाका आधी एक काकरी सोडून एक काकरी ओढते आणि दुसऱ्या फेरीत राहिलेल्या काकऱ्या भरून काढते. अशा ५० अर्ध्या फेऱ्या होतात. अमेरिका-जपानकडच्या पद्धतीत ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ६० अर्ध्या फेऱ्या. तिथला रेषांचा वेग १५,७३४ च्या आसपास येतो. म्हणजे दोन्हीकडचा वेग जवळजवळ एकच.

खेळांच्या यंत्रांत बहुधा हीच नळी असे, पण ती ही युक्ती वापरत नसत. ती दर फेरीला त्याच त्या काकऱ्या पुन्हा ओढत. पडती-उठती धरून सुमारे २६२ रेषा, आणि सेकंदाला ६० फेऱ्या. २६२ गुणिले ६०, उत्तर १५,७२०. वेग तोच राहिला, पण मधल्या काकऱ्या पडीक राहिल्या. त्या पडीक जागेमुळे चित्रात बारीक काळ्या रेघा दिसतात आणि चित्र ठाम, न लुकलुकणारे उभे राहते. चित्रकारांनी आपली चित्रे हे ध्यानात ठेवूनच काढली होती. नळीवर ठिपक्याच्या कडा किंचित पसरतात. एक ठिपका या रंगाचा, पुढचा त्या रंगाचा असे मांडले, की डोळ्याला तिसराच रंग दिसतो. आजच्या चपट्या पडद्यावर तेच चित्र लावले, तर भिंतीत चौकोनी फरश्या बसवल्यासारखे दिसते. मुले म्हणतात, ‘जुने खेळ किती ओबडधोबड होते!’ त्यात चित्रकाराचा काही दोष नसतो. त्याचे काम आपण भलत्याच कागदावर छापून पाहतो, एवढेच.

आता कृतीकडे वळू. पहिली गोष्ट जोडणीची. संगणकाचा पडद्याकडे जाणारा नेहमीचा जुना संकेत सेकंदाला सुमारे ३१,५०० रेषांचा असतो. घरगुती टी.व्ही. त्याच्या निम्म्या वेगासाठी बांधलेला. दुप्पट वेगाने बैल हाकले तर काय होईल? चित्र फाटेल, आणि काही जुन्या संचांचे भाग तापून निकामीही होतील. म्हणून घरी तारा जुळवून संगणक थेट टी.व्ही.ला लावू नये. बाजारात एचडीएमआय तारेचा संकेत पिवळ्या-पांढऱ्या-तांबड्या तारांत बदलणारी स्वस्त डबी मिळते. तिने संचाला धोका नाही, पण ती सगळ्या चित्राला सोडून-सोडून काकऱ्यांच्या युक्तीत बसवते. मग बारीक रेघा थरथरतात आणि खेळाचा मूळ ठामपणा जातो.

त्यापेक्षा सोपा मार्ग रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाचा. त्याच्या तिसऱ्या पिढीच्या पाटीवर कानात घालायच्या यंत्रासाठी असते तशी एक गोल खाच आहे. तिच्यातून आवाजाबरोबर टी.व्ही.चे चित्रही निघते. तार मात्र पाहून घ्यावी. दिसायला सारख्या असलेल्या तारांत आतली जोडणी वेगवेगळी असते. चित्राऐवजी नुसता घुरघुर आवाज आला, तर पिवळे टोक काढून तांबडे लावून पाहावे. एचडीएमआयची तार लावलेली नसावी, नाहीतर संगणक चित्र तिकडेच पाठवतो.

या संगणकाच्या जुन्या पद्धतीच्या प्रणालीत ‘कन्फिग’ नावाची साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात ‘एसडीटीव्ही मोड’ अशी ओळ घालतात. दोन शब्दांच्या मध्ये अधोरेषा, मग बरोबरचे चिन्ह, मग आकडा. शून्य म्हणजे अमेरिकन पद्धत, दोन म्हणजे आपली पाल. या दोन्हींत सोडून-सोडून काकऱ्या. आपल्याला हवे आहेत ते १६ आणि १८ हे आकडे. सोळाने अमेरिकन आणि अठराने पाल पद्धत, पण पडीक काकऱ्यांची, म्हणजे खेळांच्या मूळ यंत्रांसारखी. नव्या प्रणालींत ही योजना वेगळ्या ठिकाणी करावी लागते. तत्त्व मात्र तेच राहते.

आता तुम्ही विचाराल, सोळा घालावा की अठरा? इथे खरी परीक्षा आहे. बहुतेक खेळ सेकंदाला सुमारे ६० चित्रांचे. ते ५० च्या पद्धतीवर लावले, तर एकतर दर सेकंदाला दहा चित्रे गाळावी लागतात आणि धावणारा गडी अडखळत धावतो, किंवा सगळा खेळच सहाव्या हिश्श्याने मंद होतो आणि गाणेही रेंगाळते. युरोपात घरगुती खेळांच्या पुष्कळ आवृत्त्या त्या काळी अशाच मंद चालत. म्हणून सामान्य नियम असा, की सोळा घालून पाहावा. नंतरच्या काळातले पुष्कळ संच दोन्ही पद्धती ओळखतात. चित्र वरखाली गुंडाळत राहिले, तर संचाला ६० चा ताल जमत नाही असे समजावे. चित्र स्थिर पण बिनरंगी आले, तर ताल जमला, रंगाची भाषा कळली नाही. मग संचाच्या यादीत रंगपद्धत बदलून पाहावी. काहीच जमले नाही, तर अठरावर समाधान मानावे.

पण ‘पॅक-मॅन’ची गोष्ट मोठी गमतीची आहे. मूळ यंत्रात नळी आडवी पाडून, म्हणजे कुशीवर निजवून बसवलेली होती. त्यामुळे त्याचे चित्र उभट: रुंदी २२४ ठिपके आणि उंची २८८. सोळाच्या पद्धतीत उंचीला जागा २४० रेषांची. म्हणजे चित्र दाबावे लागते आणि काही रेघा गिळल्या जातात. आपल्या पालमध्ये दिसणाऱ्या रेषा ५७६, त्याच्या निम्म्या किती? बरोबर २८८! एका ठिपक्याला एक रेषा असा हिशोब तंतोतंत जुळतो. पण खेळाचा ताल सेकंदाला साठाहून थोडा अधिक, आणि पालचा ५०. जागा मिळाली तर वेळ मिळत नाही, वेळ मिळाला तर जागा अपुरी. दोहोंपैकी काय सोडायचे हे ज्याने-त्याने ठरवावे. ठिपके मोजून पाहायचे असतील तर अठरा घ्या, खेळायचे असेल तर सोळा. संच कुशीवर ठेवण्याचा मोह मात्र नको. तो जड असतो, त्याची हवा कोंडते आणि रंगांचे डाग पडतात.

यापुढच्या कळा इम्युलेटरमधल्या. चित्र मऊ करणारी चाळणी बंद करावी. कृत्रिम काळ्या रेघा काढणारी सोयही बंद करावी, कारण खऱ्या रेघा नळी स्वतः काढते. मोरपिसावर आणखी रंग कशाला? उंचीचे प्रमाण पूर्णांकी ठेवावे, म्हणजे खेळाची एक रेघ नळीच्या एका काकरीत पडेल. ‘स्ट्रीट फायटर टू’ची उंची २२४ रेघांची. २४० मधून २२४ गेले, उरले सोळा. आठ वर आणि आठ खाली काळ्या राहू द्याव्यात. रुंदीला असे बंधन नाही. नळीवर आडव्या दिशेला ठरावीक घरे नसतात, म्हणून ३८४ ठिपके पडद्याच्या पूर्ण रुंदीत ताणले तरी बिघडत नाही. रुंदी-उंचीचे प्रमाण चारास तीन राखले म्हणजे झाले. चित्राची फेरी आणि पडद्याची फेरी एका ठेक्यात चालवणारी ‘व्ही-सिंक’ ही सोय चालू ठेवावी, नाहीतर चित्र मधोमध चिरल्यासारखे दिसते.

मग संचाकडे यावे. उजेड इतकाच ठेवावा, की काळे ते काळे दिसेल. तीक्ष्णतेची कळ उतरवावी. खेळ मध्येच थांबवून तासन्‌तास सोडू नये, नाहीतर त्या चित्राचा डाग लेपावर कायमचा बसतो. लोहचुंबक आणि मोठे ध्वनिवर्धक पडद्यापासून दूर ठेवावेत. प्रमाण जुळले की नाही हे पाहायला महागडे साधन नको. पडद्यावर वर्तुळ आणावे आणि काचेला बांगडी लावून पाहावी. सगळीकडून बसली तर ठीक.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. संचाची पाठ उघडू नका. रंगीत नळीवर वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो, आणि बटण बंद करून तार काढल्यावरही तो काही काळ आत दबा धरून राहतो. ते काम जाणत्या कारागिराचे. खेळांविषयीही एक पथ्य आहे. ते कुणाच्या तरी मालकीचे असतात. ‘ग्रिडली’, ‘रॉबी रोटो’ यांसारखे काही खेळ मालकांच्या अनुमतीने, धंदा न करण्याच्या अटीवर, मेमच्याच मंडळींकडून फुकट मिळतात. शाळेने तेवढ्यावरच भागवावे.

शाळेने म्हणजे कशासाठी? चित्र रेषांनी बनते, हे आपण मुलांना तोंडी सांगतो. या संचावर ते दाखवता येते. खोलीत अंधार करा, पांढरा पडदा लावा आणि त्यापुढे हात जोराने हलवा. बोटे सलग न दिसता तुटक-तुटक, एकापुढे एक उभी दिसतील. मोबाइलने फोटो काढा, काळा पट्टा उमटेल. शलाका अजून जिथे पोचायची आहे, ती जागा. भिंगातून पाहिले तर तांबडे, हिरवे, निळे ठिपके वेगळे दिसतील. डोळा किती मंद आणि शलाका किती चपळ, हे पाठ्यपुस्तकातली चार पाने वाचून जेवढे कळत नाही, तेवढे पाच मिनिटांत कळते.

मोठ्या कारखान्यांनी असे संच करणे केव्हाच सोडले. जे आहेत तेवढेच आहेत, आणि एकेक करून फुटत आहेत. त्यांच्या काचेत शिसे असते, म्हणून फुटून उकिरड्यावर पडणे जमिनीलाही बरे नाही. तेव्हा गावात असा चालू संच कुणाच्या माळ्यावर असेल, तर तो हातगाडीवर जाण्यापूर्वी शाळेने मागून घ्यावा. एखाद्या शनिवारी तो मुलांपुढे लावावा, १५,६२५ चा गुणाकार फळ्यावर मांडावा, आणि मग मुलांना खेळू द्यावे.