हिऱ्याचे कुळशील
(गिरड येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



नदीचे मूळ व ऋषीचे कूळ विचारू नये, असे म्हणतात. हिऱ्याचे मात्र विचारलेच पाहिजे. सोन्याचा कस आम्ही कसोटीवर पाहतो. हिऱ्यासाठी सांडलेले रक्त भिंगातूनही दिसत नाही. सिएरा लिओन व अंगोला येथील बंडखोरांनी हिरे विकून शस्त्रे घेतली. त्यास आळा घालण्यासाठी २००३ साली किंबर्ली प्रमाणपत्राची पद्धत अमलात आली. भारत तिचा आरंभापासून सभासद आहे. परंतु ते प्रमाणपत्र कच्च्या हिऱ्यांच्या खेपेस मिळते, पैलू पाडलेल्या खड्यास नव्हे. आणि खाणीत राबणाऱ्या मुलांविषयी ते मौन बाळगते.

सोयरीक जुळविताना कुळशील विचारणारे आम्ही, माल घेताना केवळ भाव विचारीत आलो, हे कबूल केले पाहिजे. यापुढे घाऊक व्यापाऱ्याकडून उगमाची लेखी हमी घ्यावी. हिरा खाणीतला की प्रयोगशाळेत घडविलेला, हे पावतीवर लिहावे. आणि जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही असेच सांगावे. एखादे गिऱ्हाईक जाईल, जावो.

येथील टेकडीवर शेख फरीदबाबांची चेष्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी आख्यायिका आहे. गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला, तर आमच्या पेटीतील हिऱ्यांचेही दगडच होतील.