पारा कुणाच्या खोलीतला?
(युवक शिबिरातील भाषण)



हवामानबदल म्हटलं की आपल्यातले काही जण जांभया देतात. ते बर्फाचं नि अस्वलांचं प्रकरण, आपल्याला काय त्याचं? आधी एक हिशेब ऐका. २६ जुलै २००५. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस. कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. शहर एक, दिवस एक. नुसता कुलाब्याचा आकडा धरला असता, तर मिठीकाठी कुर्ल्यात माणसं बुडाली कशी, हे कागदावर दिसलंच नसतं. मापयंत्र कुठे ठेवता, यावर कुणाचं मरण दिसतं ते ठरतं. पुढे महापालिकेने शहरभर पर्जन्यमापक बसवले. पण आधी शेकडो मुडदे पडले.

तज्ज्ञ आराखडा कसा करतात? तीन गोष्टी बघतात. संकट किती मोठं. त्याच्या वाटेत कोण उभं. आणि सावरायची ताकद कुणात किती. तिन्ही एकत्र मांडलं की धोक्याचा नकाशा तयार. पद्धत चांगली आहे. तिला शिव्या घालून भागणार नाही, ती शिकावी लागेल. पण तिसऱ्या रकान्यात नुसतं 'गरीब' लिहितात, तिथे मी भांडतो. नाल्याकाठी कोण राहतं, गटारात कोण उतरतं, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरवलंय. ते लिहा की!

उष्म्याचं घ्या. मे २०१० मध्ये अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं मेली. मग २०१३ साली तिथल्या महापालिकेने उष्मा कृती आराखडा केला. आगाऊ इशारा, दवाखाने तयार, पाण्याची सोय. पुढे वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग. आपल्या किनाऱ्यावर पारा ३७ च्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त गेल्याशिवाय उष्णतेची लाट म्हणत नाहीत. आणि तो पारा कुठला? मोकळ्या जागेत, हवेशीर पांढऱ्या पेटीतला. माझी आई पत्र्याखाली राहते. दुपारी दोनला तिच्या खोलीत किती अंश, हे कुठल्याच सरकारी वहीत नाही.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने हवामान कृती आराखडा काढला. तो वाचा. आणि शेजारी आपली वही ठेवा. प्रत्येक वस्तीत पाच थर्मामीटर. दुपारी दोन, रात्री दहा, रोज नोंद. पाणी भरलं की भिंतीवर खूण, खाली तारीख. घरात म्हातारं कोण, बाळंतीण कोण, उन्हात कामाला कोण जातं, नळ किती लांब, सगळं टिपा. वस्तीच्या नकाशावर चढवा आणि वॉर्ड ऑफिसच्या टेबलावर आपटा.

एक लक्षात ठेवा. नकाशावरचा लाल ठिपका दुधारी असतो. 'इथे धोका आहे' म्हणत उद्या आपल्यालाच उठवून शहराबाहेर फेकतील. म्हणून धोक्याच्या रकान्याशेजारी मागणीचा रकाना पाहिजेच: नाला बांधा, छप्पर बदला, पाणी द्या, हलवायचंच असेल तर पक्कं घर, कामाच्या जवळ, आणि तेही आम्हाला विचारून. मागणी नसलेली वही कुणालाही देऊ नका.

थर्मामीटरचे पैसे वर्गणीतून काढू. नावं आजच द्या.

जयभीम!