मान्य वाद्यांची यादी



शालेय संगीत स्पर्धांची नियमावली ठरविण्यासाठी आपण आज एकत्र आलो आहोत. मसुद्यात ‘शास्त्रीय वादनासाठी मान्य वाद्ये’ अशी एक यादी आहे. तिच्याविषयी बोलण्यापूर्वी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेच्या समितीवर मी होतो. एक विद्यार्थी विजेवर चालणारी गिटार घेऊन आला. भूप वाजवीन म्हणाला. यादीत गिटार नव्हती, म्हणून आम्ही त्यास परत पाठविले. त्या कागदावर माझीही सही आहे. तो कसा वाजवितो, हे आमच्यापैकी एकानेही ऐकून घेतले नाही.

पुढे उप्पलपु श्रीनिवास यांचे वादन ऐकले, तेव्हा ती सही मला फार बोचली. आंध्र प्रदेशातील पालकोल्लू येथे १९६९ साली जन्मलेल्या या मुलाने वडिलांचे मॅन्डोलिन हाती घेतले. हे वाद्य मूळचे इटलीचे. आपल्याकडे ते मुख्यत्वे चित्रपटसंगीतामुळे परिचित. मुंबईत संगीतकार सज्जाद हुसेन यांनी त्यावर रागही वाजविले, परंतु कर्नाटक संगीताच्या मैफलीत त्याला स्थान नव्हते.

अडचण केवळ सोवळ्याची नव्हती, हे मान्य केले पाहिजे. गमकावाचून कर्नाटक संगीतात रागाचे रूप उभे राहत नाही, आणि मॅन्डोलिनचा स्वर छेडताच विरतो. शिवाय त्याच्या तारा जोडीजोडीने असतात. गमकासाठी जोडी ओढली की दोन्ही तारा एकसारख्या ताणल्या जात नाहीत व स्वर फाटतो. श्रीनिवास यांनी जोडतारा सोडून पाच एकेरी तारांचे, विजेवर चालणारे मॅन्डोलिन स्वीकारले. तारेचे कंपन विद्युतप्रवाहात रूपांतरित होऊन ध्वनिवर्धकातून उमटते, त्यामुळे हलका आघातही पुरतो आणि स्वर अधिक काळ टिकतो. म्हणजे वीज आली ती गोंगाटासाठी नव्हे, तर गमकासाठी!

शिक्षकांना मी मुद्दाम सांगेन, की त्यांचे गुरू रुद्रराजू सुब्बराजू यांना मॅन्डोलिन वाजविता येत नव्हते. ते चेंबै वैद्यनाथ भागवतारांचे शिष्य. गुरूंनी गावे आणि शिष्याने ते तारांवर उतरवावे, अशी ही तालीम झाली. बोटे कोठे ठेवावीत हे सांगणारे कोणीच नसल्याने मुलाने ते स्वतः शोधले. कंठातील गाणे मात्र गुरूंचेच राहिले. १९७८ साली गुडिवाडा येथील त्यागराज आराधना उत्सवात तो प्रथम जाहीरपणे वाजवू लागला, तेव्हा वय अवघे नऊ. विदेशी वाद्य, त्यात वीज, म्हणून नाके मुरडली गेली. पण श्रोते ऐकत राहिले. १९९८ साली श्रीनिवास यांना पद्मश्री मिळाली. २०१४ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपल्या पेटीचेच पाहा ना. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकाने ती महाराष्ट्राच्या कानात बसविली, तरी १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती सैल होण्यास १९७१ साल उजाडले. पेटीवर मींड निघत नाही, हा आक्षेप खोटा नव्हता. तथापि आज आपल्या मसुद्यातील यादीत पेटी आहे आणि गिटार नाही. गिटारवर मींड निघते! ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर आयुष्यभर राग वाजविले. या यादीचा तर्क मला तरी समजलेला नाही.

कोणतेही वाद्य चालेल, असे माझे म्हणणे नाही. राग शुद्ध असावा, लय सुटू नये, स्वर सुरेल असावा. या कसोटीवर उतरणार नाही त्यास खुशाल गुण देऊ नका. मात्र आधी पाच मिनिटे ऐका. यादीचे कलम वगळावे आणि त्या जागी ‘परीक्षक प्रत्यक्ष ऐकून निर्णय देतील’ एवढे वाक्य घालावे, अशी सूचना मी मांडतो. ध्वनिवर्धकाच्या खर्चाचा प्रश्न सकाळी निघाला होता. प्रजासत्ताकदिनाच्या कार्यक्रमासाठी शाळा तो आणतातच. तोच स्पर्धेच्या दिवशीही आणता येईल.